जामुनडोहच्या मोहबनातील ड्रॅगनच्या झुंजीबाबत

जबाब

नाव : सौ. ललिता देवीदास रामटेके. वय : ४६ वर्षे. धंदा : पोलीस पाटील, मौजा जामुनडोह, तसेच घरची धानाची शेती. राहणार : जामुनडोह, बुद्धविहाराच्या मागे, तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी नवरा देवीदास व सासू यांच्यासह राहते. गेल्या रविवारी दुपारी आमच्या गावच्या मोहबनात कोंबडबाजार भरल्याची खबर ठाण्याला मीच फोनवरून दिली होती. ती खबर चुकीची आहे. झुंज चालू होती हे खरे, पण तिथे एकही कोंबडा लढत नव्हता. एका बाजूला ड्रॅगन होता, दुसऱ्या बाजूला लाल तुऱ्याचा एक पक्षी होता, आणि दोघेही मोबाईलमध्ये होते.

त्या खबरीवरून ज्या मुलीचा मोबाईल जप्त झाला ती रेणू मंगरू उईके, वय २२, वनरक्षक भरतीच्या निवड यादीत आहे. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच ठाण्यात येऊन पडला आहे. जुगाराचा गुन्हा तिच्या नावावर चढला तर नोकरी गेली समजा. म्हणून मला बोलावणे यायची वाट न बघता मी स्वतःहून आले. ठाणेदार साहेब जेवायला गेले आहेत असे सांगण्यात आले. मी बाकावर बसून राहिले.

कोंबडबाजाराबद्दल विचारले असता सांगते की, आमच्याकडे तो पूर्वी दर आठवड्याला त्याच मोहबनात भरत असे. कोंबड्याच्या पायाला काती म्हणजे धारदार पाते बांधतात, लोक पैसे लावतात, एक कोंबडा मरतो आणि रिवाजाप्रमाणे मेलेला कोंबडा जिंकणारा घरी नेतो. मी पोलीस पाटील झाल्यावर तो बंद केला. त्यासाठी माझ्याशी गावातल्या अर्ध्या पुरुषांनी बोलणे सोडले होते. त्यात सर्वात पुढे चैतराम रहांगडाले होते. त्यांच्यासारखा कोंबडा तयार करणारा माणूस या तालुक्यात नव्हता असे सगळे म्हणतात. त्यांच्या कात्या मी स्वतः जप्त करवल्या, तेव्हापासून ते मला रस्त्यात पाहून मान फिरवत. मी पण काही कमी नाही, मीही फिरवत असे.

सदर गेमबद्दल मला जे माहीत आहे ते असे. गेमचे नाव ‘अजूबा’. त्यात चित्रविचित्र जनावरे पकडायची, वाढवायची आणि दुसऱ्याच्या जनावरासोबत लढवायची असतात. आमच्या गावात तो घरोघरी पोचलेला आहे. रेणूला मी लहानपणापासून ओळखते. भरतीच्या तयारीसाठी ती रोज पहाटे रेल्वे लाईनच्या बाजूच्या रस्त्याने धावत असे. धावताना तिच्या कमरेला ओढणीत मोबाईल बांधलेला असे आणि थांबली की ती त्याच्याकडे पाहून हसत असे. पोरगी कोणाच्या नादी लागली काय, असा मला संशय आला. पोलीस पाटलाने संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा, म्हणून मी तिला अडवून विचारले. त्यावर ती म्हणाली, “मावशी, कोनी नाही वो. अंडं आहे.”

मी म्हणाले, “अंडं खाचं राहते. मोबाईलमंदी कायले ठेवून राहिली?”

तिने मला दाखवले. खरोखर अंडे होते, जांभळ्या रंगाचे, वर ठिपके. तिने सांगितले की, ते ड्रॅगनचे अंडे असून जो माणूस ते घेऊन स्वतःच्या पायाने खूप चालेल किंवा धावेल त्याचेच ते फुटते. मोटारसायकलवर नेले तर गेमला कळते आणि ती चाल धरली जात नाही. असे अंडे गावात आणखी कितीतरी जणांना मिळाले होते. पण चालायला कोण तयार? कैलाश टेंभरे याने डोके लढवून आपला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हशीच्या गळ्यात बांधला. म्हैस चरायला गेली ती सरळ तलावात जाऊन बसली आणि सायंकाळपर्यंत उठली नाही. कैलाशचा मोबाईल आणि अंडे दोन्ही गेले. तो बायकोला अजून सांगतो की मोबाईल बाजारात चोरी गेला. तशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला होता. मी ती पुढे पाठवली नाही.

रेणूचे अंडे फुटले. आतून बोटभर सरड्यासारखे काहीतरी निघाले. लोक हसले. ती धावत राहिली. उन्हाळ्यात आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेली, तिथेही मोबाईल कमरेला. तो सरडा तिच्या चालण्यावर वाढत होता. त्याला पंख फुटले तेव्हा मी तिथे हजर होते. रेल्वे फाटक बंद होते, मालगाडी जात होती, मी स्कुटीवर मागे उभी होते आणि रेणू पुढे. मध्येच तिने अशी किंकाळी मारली की फाटकवाला खोलीतून झेंडा घेऊन पळत आला. त्याला वाटले कोणी कटले. रेणू रडत होती आणि हसतही होती. तिने मोबाईल माझ्यासमोर धरला.

मी त्या दिवशी ड्रॅगन प्रथम पाहिला. पिकलेल्या जांभळासारखा काळा-जांभळा रंग, अंगावर मोठ्या मासळीसारखे खवले, तोंडाला दोन लांब मिशा, आणि नुकतेच फुटलेले पंख, ते त्याला सांभाळता येत नव्हते. हाताएवढ्या काचेत होता, पण लहान वाटत नव्हता. मला तो आवडला. जबाबात असे लिहितात की नाही मला ठाऊक नाही, तरी लिहावे. त्याचे नाव तिने मालगुजार, म्हणजे जुन्या काळचा गावचा जमीनदार, असे ठेवले होते. असे नाव का, म्हणून विचारले तर म्हणाली, “एकडाव बसला का कोनाच्या बापाच्यानं उठत नाही, मनून.”

आता रविवारची हकीकत. धानाची कापणी आटोपली होती. दुपारी तीनच्या सुमारास मी शेतावरून येत असताना मोहबनाकडून गलका ऐकू आला. बन रस्त्यापासून थोडे उंचावर आहे. मला पुढील शब्द स्पष्ट ऐकू आले : “काती लागली!” “लाल्या, घे त्याले!” “पानी मार, पानी!” आणि “मालगुजार, उठ!” शेवटचे नाव ऐकूनही माझ्या डोक्यात काही आले नाही, कारण काती हा शब्द ऐकल्यावर मला पुढचे काही सुचेनासे झाले. माझ्या नाकाखाली, मी बंद केलेल्या जागी, दिवसाढवळ्या! मी तिथूनच ठाण्याला फोन केला आणि पुरावा पाहून ठेवावा म्हणून झाडांच्या आडून बनात गेले.

झुंजीसाठी तीच जागा का, असे विचारले असता सांगते की, आमच्या गावात मोबाईलचे टॉवर, म्हणजे नेटवर्क, फक्त मोहबनात नीट मिळते. गावातल्या पोरी लग्नाच्या गोष्टीसुद्धा तिथेच जाऊन बोलतात.

मी मोठ्या मोहाच्या मागे उभी राहिले. मधोमध खाटेवर समोरासमोर दोघे बसले होते. एका बाजूला रेणू, दुसऱ्या बाजूला चैतराम. भोवती कोंबडबाजाराचे सगळे जुने शौकीन, आणि त्यांच्यात या वेळी बायकाही. चैतराम यांची मुलगी खुशबू गोंदियाला राहते. बाप घरी बसून चिडचिड करतो म्हणून तिने दिवाळीत त्यांच्या मोबाईलमध्ये हा गेम टाकून दिला होता. त्यात त्यांना पक्षी मिळाला, आणि कोंबडा तयार करणाऱ्या माणसाला पक्षी मिळाल्यावर काय होणार? त्यांनी त्याला असा तयार केला की आजूबाजूच्या गावात त्याच्यापुढे कोणी टिकेना. नाव लाल्या. गेममध्ये त्याच्या नखांना लावायला पाती मिळते, तिला हे लोक काती म्हणत होते.

मला पुरावा पाहायचा होता, म्हणून मी पाहू लागले. रेणूच्या पाठीमागून मला तिची काच दिसत होती. या खेळात एकाने वार करायचा, मग दुसऱ्याने, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यावर जिवाची पट्टी असते, ती हिरवी असते ती वार खाऊन लाल होत जाते. लाल्या हा फार चपळ होता. उडी मारून येई, पायाने फाडी आणि बाजूला होई. त्याची मान, त्याचे तिरपे पाहणे, अगदी तालमीतल्या कोंबड्यासारखे. मालगुजार मात्र जागचा हलत नव्हता. खवल्यांवर वार घेत होता. त्याची पट्टी कमी होत होती आणि लोक ओरडत होते. रेणूचे बोट मात्र शांत होते. ती एकदा शेपटी फिरवी, एकदा पंखाआड घेई. घाई नाही की आरडाओरडा नाही. मी इतक्या वर्षांत मोठमोठ्या माणसांना भांडताना पाहिले आहे, वार खाऊन असे डोके थंड ठेवणारा मला त्यांच्यात कोणी आठवत नाही.

मग चैतराम यांच्याकडून पुढील प्रकार घडला. कोंबडबाजारात कोंबडा दमला की त्याचा मालक तोंडात पाणी घेऊन त्याच्या अंगावर फुर्रकन फवारा मारतो, त्याने कोंबड्याला तरतरी येते. लाल्या दमलेला दिसताच चैतराम यांनी जन्माच्या सवयीने तांब्या उचलला, तोंड भरले आणि मोबाईलवर फवारा मारला. काच ओली झाली. काचेवरच्या थेंबांनी भलतीच बटणे दाबली गेली आणि लाल्या ड्रॅगनकडे पाठ करून जमिनीवर दाणे टिपत बसला.

मग गलका झाला, “मार पोरी! आता मार!” चैतराम यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते धोतराच्या सोग्याने काच पुसत होते, पण घाईघाईत आणखीच बटणे दाबली जात होती. पाठ केलेल्या पक्ष्यावर एक वार बसला असता तर झुंज तिथेच संपली असती, लोक जेवायला गेले असते आणि जीप आली तेव्हा बनात कुत्रेही सापडले नसते. ही गोष्ट साहेबांनी लक्षात घ्यावी.

रेणूने वार केला नाही. तिने आपली पाळी मोकळी सोडली आणि मालगुजारला पंख मिटून बसवले. ती म्हणाली, “आबाजी, पयले नीट पुसा. मी थांबून राहिली.”

कैलाश ओरडला, “पागल झाली का वो? जितून राहिली होती न!”

ती म्हणाली, “पाठ फिरवली त्याले मी नाही मारत.”

चैतराम यांनी काच पुसली, बाजूच्या बाईच्या पदराने पुन्हा पुसली आणि रेणूला म्हणाले, “पुसली, बाई. ये आता.” ते कोणालाही बाई म्हणत नाहीत. इथपर्यंत मी झाडामागे होते असे मला वाटत होते, पण नंतर लक्षात आले की मी खाटेजवळ उभी होते आणि “उठ मालगुजार, उठ” असे ओरडणाऱ्यांमध्ये माझाही आवाज होता. पुरावा गोळा करण्याचे काम तेव्हा थांबले होते हे मान्य करते.

त्यानंतर झुंज खरी लागली. लाल्याने लागोपाठ वार केले आणि मालगुजारची पट्टी लाल होऊन नखाएवढी उरली. तेव्हा रेणूने त्याला श्वास घ्यायला लावले. या ड्रॅगनचा मोठा वार असा आहे की एका पाळीला तो फक्त छाती भरून श्वास घेतो, त्या वेळी त्याला अंग वाचवता येत नाही, आणि पुढच्या पाळीला आग सोडतो. मधला वार खाऊन जगला तर आग, नाही तर खेळ संपला. छाती फुगली, मिशा वर गेल्या, डोळे मिटले. मी माझ्या सासूला तिच्या आजारपणात असे श्वास ओढताना पाहिले आहे, म्हणून मला ते चित्र आहे असे वाटेना. लाल्याने उडी घेतली, वार बसला आणि पट्टीचा केसाएवढा तुकडा शिल्लक राहिला. तो जगला. त्याच क्षणी रस्त्यावर जीप आली.

जीप पाहून लोक पळाले. गुन्हा कोणी केलेला नव्हता, पण त्या जागेवरून जीप पाहून पळणे हे आमच्या गावच्या अंगात भिनलेले आहे. कोणी तलावाकडे, कोणी शेतात, कैलाश तर झाडावर चढला. चैतराम उठले नाहीत. रेणू उठली नाही. तिथून उठून टॉवरबाहेर गेले तर झुंज मोडते आणि जो गेला तो हरतो. तालुक्यात रेणूएवढ्या जोरात धावणारी मुलगी नाही, भरतीत तिचा पहिला नंबर धावण्यातच आहे. तिने ठरवले असते तर शिपाई बनात शिरेपर्यंत ती दुसऱ्या गावाला पोचली असती.

मी त्या वेळी थोडी बाजूला होते. परत आले तेव्हा शिपाई तिच्यासमोर उभे होते आणि मोबाईल मागत होते. तिने मोबाईल सोडला नव्हता. ती म्हणाली, “सर, एकच पाळी राहिली. मंग घ्या. मी कोठी नाही जात.”

शिपायांनी काचेत पाहिले. पाहतच राहिले. मग शिपायांपैकी कोणीतरी म्हणाले, “मार.”

कोण म्हणाले असे मला विचारण्यात आले. त्यावर सांगते की, मला दिसले नाही, माझे डोळे ड्रॅगनवर होते. आवाजही ओळखू शकणार नाही. जबाब लिहिणाऱ्या भाऊंनी हा प्रश्न मला पुन्हा विचारू नये.

रेणूने बोट टेकवले. मालगुजारने डोळे उघडले आणि आग सोडली. आधी निळी, मग पिवळी. होळीची आग मी खूप पाहिली आहे, पण त्या काचेतल्या आगीने माझ्या तोंडावर गरम लागल्यासारखे झाले. लाल्या जमिनीवर पडला, पंख पसरून. चैतराम यांच्या काचेवर तसेच दिसले. नंतर दोन्ही हातांनी मोबाईल उचलून त्यांनी रेणूसमोर धरला आणि म्हणाले, “घे. रिवाज आहे. पडलेला पाखरू जितल्याचा.”

रेणू म्हणाली, “आबाजी, थांबा थोडं. हा मरत नाही.”

“माह्या समोर पडला न.”

“पडला. आता पाहा.”

आम्ही सगळे पाहत राहिलो, शिपाईसुद्धा. काही वेळाने लाल्याने एक पाय हलवला. मान झटकली. उठून उभा राहिला आणि पिसे फुलवून आरवला. चैतराम यांनी इतकी वर्षे कोंबडे लढवले, त्यांतले बरेचसे त्यांच्याच मांडीवर मेले. ते म्हणाले, “उठला गा! पाटीलबाई, पाहा, उठला!” आमचे बोलणे बंद आहे हे ते त्या वेळी विसरले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते पुसतही नव्हते. मी म्हणाले, “पाह्यला, मामाजी.” मीही विसरले असे लिहावे.

त्यानंतर दोन्ही मोबाईल ताब्यात घेण्यात आले. तसेच जागेवर टोपलीखाली झाकलेला एक जिवंत कोंबडा मिळाला. त्यावरूनच कोंबडबाजाराचा संशय पक्का झाला असे मला सांगण्यात आले. सदर कोंबड्याबाबत माझे म्हणणे आहे की, तो माझ्या घरचा आहे. त्याच्या पायात हिरव्या साडीची चिंधी आहे, ती साडी माझी आहे. तो तिथे माझा नवरा देवीदास याने नेला होता. कोणीही जिंको, झुंजीनंतर सगळ्यांनी मिळून रस्सा करायचा असा त्यांचा बेत होता, आणि मला न विचारता होता. ती पैज नव्हती, जेवण होते. सदर कोंबडा लढण्याच्या लायकीचा नाही, तो आमच्या खुडूक कोंबडीलाही भितो. खात्री करायची असल्यास ठाण्याच्या आवारात दुसरा कोंबडा समोर सोडून पाहावे. देवीदास जीप पाहून टोपली टाकून पळाला व सायंकाळी घरी येऊन मला विचारत होता की, आपला कोंबडा दिसत नाही, कुठे गेला? त्याच्याशी माझे वेगळे चालू आहे.

पोलीस पाटलाचा नवरा कोंबडा घेऊन सापडला आणि पाटलीण बाई खोटी खबर देते, याचा अर्थ मला कळतो काय, असे विचारण्यात आले. कळतो. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. खबर माझी, कोंबडा माझा. रेणूचा त्यात फक्त ड्रॅगन आहे आणि तो तिने कोणाकडून फुकटात मिळवलेला नाही, तळपाय फोडून मिळवलेला आहे. तिच्या बापाकडे, मंगरूकडे, मी काल गेले होते. त्याने पाणी दिले आणि तो आत जाऊन बसला. रेणू अंगणात धान वाळवत होती. मी म्हणाले, चूक माझी झाली. ती म्हणाली, “तुम्ही तुमचं काम केलं, मावशी.” मला तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मोबाईल परत करेपर्यंत तो बंद पडू देऊ नये, अशी विनंती आहे. जास्त दिवस न चालवल्यास ड्रॅगन उपाशी राहून सुकतो, असे रेणूने सांगितले. तिने ते नोकरीबद्दल बोलताना सांगितले नाही, शेवटी, मी फाटकातून बाहेर पडताना सांगितले.

शेवटी मला विचारण्यात आले की, गुन्हा नव्हता तर सगळे गाव का पळाले, आणि सगळे पळाले असता रेणू उईके हीच का पळाली नाही. त्यावर सांगते की, हा प्रश्न मीही तिला अंगणात विचारला होता. ती म्हणाली, “तो श्वास घेऊन डोरे मिटून उभा होता, मावशी. माह्या भरोशावर. त्याले तसा सोडून कशी पळू?”

आणि गावाबद्दल सांगायचे तर, वर मी थोडी बाजूला होते असे लिहिले आहे, ते पूर्ण खरे लिहावे. मी पळाले होते. जीप मीच बोलावली होती, गावची पोलीस पाटील मीच आहे, तरी जीप बनात वळलेली पाहून मी चप्पल हातात घेऊन वारुळापर्यंत पळाले आणि तिथे देवीदासच्या अंगावर आदळले. तो पुढे पळाला. मी मागे वळून पाहिले तेव्हा एवढ्या मोठ्या बनात ती एकटी पोरगी आणि एक म्हातारा आपल्या जनावरांसाठी बसून होते, म्हणून मला परत यावे लागले. साहेबांपुढे तिच्या पडताळणीचा कागद आहे. जंगल राखायला कोणाला ठेवायचे, ते त्यांनी ठरवावे.

माझा हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याबरहुकूम असून त्यातले काही कमी करू नये. कोंबडा परत नेण्यास मी हजर आहे.

समक्ष सही,
ललिता देवीदास रामटेके
पोलीस पाटील, जामुनडोह